टीम तीच, टी-शर्ट नवा

मराठ्यांच्या इतिहासाची साधनं गोळा करायला इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले. वाड्यांच्या माळ्यांवर चढले, रुमालात बांधलेली दप्तरं सोडून बसले. शेळगावच्या पट्ट्यातल्या एखाद्या क्रिकेट टीमचा इतिहास लिहायचा तर माळ्यावर काही मिळणार नाही. शेळ्यांच्या गोठ्यावर चढावं लागेल. टीमचं सगळं दप्तर तिथं छपरावर पसरलेलं असतं, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवून.

हे दप्तर म्हणजे फ्लेक्स. स्पर्धा संपली की करंडक कुणीतरी घेऊन जातो आणि त्याबद्दल कुणाचं फारसं म्हणणं नसतं, कारण करंडकाने पाऊस थांबत नाही. खरी चुरस फ्लेक्ससाठी. तो मग कडब्याच्या गंजीवर जातो, कांद्याच्या ढिगावर जातो, न्हाणीघराचं दार होतो. उन्हात फ्लेक्सवरचा लाल-पिवळा रंग आधी उडतो आणि निळा मागे राहतो. त्यामुळे मान्यवर किती निळे पडलेत यावरून अभ्यासकाला स्पर्धेचं साल बरोबर काढता येतं.

दुसरं साधन टी-शर्ट. सकाळी गोठ्यात धारेला बसलेल्या माणसाच्या पाठीवर तीन हंगामांपूर्वीचा प्रायोजक वाचायला मिळतो. उसाला खत टाकणाऱ्या चौघांच्या पाठी एका रांगेत आल्या तर टीमचा निम्मा कालखंड एका सरीत उभा राहतो. तिसरं साधन स्कोअरची वही. हिच्या पुढच्या बाजूला रन आणि मागच्या बाजूने दुधाचा हिशेब असतो. दोन्ही हिशेब मधल्या पानांवर भेटतात आणि कुठं रन संपून लिटर सुरू झाले ते कळत नाही. आमच्या एका ओपनरची सरासरी अशीच म्हशीमुळे सुधारलेली आहे.

आता ‘आमच्या’ म्हणालो ते जरा मोकळं करून सांगतो. शेळगाव बारामती–इंदापूर रस्त्यावरचं. अंथुर्णे मागं टाकलं की शेळगावचा फाटा येतो. आषाढात तुकोबांची पालखी याच वाटेने इंदापूरकडे सरकते. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना जेवढी गावं आणि वाड्या, तेवढ्या टीमा. काही वाड्यांत तर दोन भावकी म्हणून दोन टीमा. त्यांतल्या कुठल्याही टीमचा इतिहास काढा, तो एकच निघतो. तेव्हा आमची टीम ही त्यातलीच कुठलीही समजावी. खेळाडूंची नावं मात्र छापत नाही. एकाचं छापलं तर फ्लेक्सच्या नियमाने सगळ्यांची छापावी लागतील, वर फोटो, आणि कुणाचा फोटो मोठा यावरून हा लेख बंद पडेल.

अमेरिकेत बेसबॉलची मायनर लीग नावाचा प्रकार आहे. बड्या शहरांच्या नामांकित संघांच्या खाली लहान शहरांचे संघ असतात. पोरं तिथं तयार होतात, एखादा बरं खेळायला लागला की वरचा संघ त्याला उचलतो, आणि खालचा संघ उरलेल्यांना घेऊन पुन्हा रडतखडत उभा राहतो. टोलेडोच्या संघाचं नाव मड हेन्स. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर थव्याने बसणारा काळा वारकरी पक्षी आहे ना, त्याच्या अमेरिकी भाऊबंदांवरून ते ठेवलंय. मॉन्टगोमेरीच्या संघाचं नाव चक्क बिस्किट्स. आमचीही टीम बिस्किटांवरच चालते, पण ते नावात घालण्याचा मोकळेपणा आमच्यात आलेला नाही.

आमच्या टीमची मेजर लीग म्हणजे पोलीस भरती. जो पोरगा बरा पळतो, बरा टाकतो, तो दोन हंगामांत भरतीला उतरतो. तिथं १६०० मीटर धावणं असतं, १०० मीटर असतं आणि गोळाफेक असते. आमचे फास्ट बोलर गोळाफेकीत चांगले गुण घेतात. घेणारच, इथंही ते बॉल फेकतच होते, फक्त अंपायर आमचा होता. भरतीत न लागलेले चाकण-रांजणगावला कंपनीत जातात, काही बारामतीच्या एमआयडीसीत. मागे राहतात ते ज्यांना कॅच येत नाही ते. टीमचा इतिहास याच लोकांनी घडवला आहे.

टीमची स्थापना कधी झाली याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. फ्लेक्सवर स्थापनेचं साल छापतात आणि ते दरवर्षी थोडं मागं सरकतं. शेजारच्या वाडीने आपलं साल मागं नेलं की आमचं त्याच्याही मागं जातं. हीच गती राहिली तर काही वर्षांत आमची टीम मालोजीराजांच्या इंदापूर परगण्याच्या काळात जाऊन पोचेल. तोंडी परंपरा सांगते की आरंभी एक बॅट होती, आणि ज्याची बॅट तो कॅप्टन. तो आउट झाला की बॅट काखेत मारून घरी जायचा, म्हणून त्याला आउट न देण्याची पद्धत पडली. पुढं दुसऱ्या एकाच्या मामाने पुण्याहून बॅट आणली, सत्तांतर झालं, आणि पहिल्या कॅप्टनने फुटून वस्तीवर दुसरी टीम काढली. महाराष्ट्राच्या राजकारणाची उजळणी करायला आम्हाला पेपर वाचावा लागत नाही.

त्या काळातला सर्वांत महत्त्वाचा माणूस म्हणजे कच्चा लिंबू. वयाने लहान, कुणाच्याच बाजूचा नाही, दोन्हीकडून फिल्डिंग, बॅटिंग अंधार पडल्यावर. आउट झाला तरी चालतो, न झाला तरी कुणी बघत नाही. त्याच्याकडे एक काम कायमचं असायचं: उसात बॉल शोधणं.

उसाशिवाय हा इतिहास पुढं सरकत नाही. नीरेच्या डाव्या कालव्याने या भागाला पाणी दिलं, पाण्याने ऊस दिला, उसाने साखर कारखाने दिले, कारखान्यांनी राजकारण दिलं आणि या सगळ्यांनी मिळून आमचं ग्राउंड नेलं. बाहेरच्यांना वाटतं, ऊस तुटला की रान मोकळं होत असेल. होत नाही. मालक खोडवा ठेवतो. पाचट कुजायच्या आत हिरवे कोंब वर येतात आणि आमची पीच सरीत जाते. मग शाळेचं पटांगण, गायरान, नाहीतर कुणाचं तरी भावाभावांत कोर्टात अडकलेलं रान. आमच्या सर्वोत्तम ग्राउंडने कित्येक हंगाम सोबत दिली ती त्या दोन भावांच्या वकिलांमुळे. भाऊ समेटाला आले तेव्हा सगळ्या गावाला आनंद झाला, टीम सोडून.

बॉल उसात गेला तर दोन रन आणि शोधायची जबाबदारी मारणाऱ्याची, हा आमचा नियम. लॉर्ड्सच्या पुस्तकात तो नाही, कारण लॉर्ड्सला ऊस नाही. त्यातही अडसाली ऊस वाईट. जुलै-ऑगस्टात लावला की तो १६ ते १८ महिने उभा. त्यात गेलेला बॉल तोडणीलाच सापडणार. टोळीतलं एखादं पोरगं तो हातात घेऊन येतं तेव्हा बॉलवरची लव गेलेली असते, आणि ज्याने तो मारला होता त्याचं लग्न झालेलं असतं.

उंच उडालेल्या बॉलचं आणखी वेगळं. जवळच वालचंदनगर आहे. तिथल्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांचे भाग तयार होतात. म्हणजे वर गेलेली वस्तू कुठं जाणार याचं शास्त्र या पट्ट्यात उपलब्ध आहे. ते फक्त आमच्या लाँगऑनपर्यंत पोचलेलं नाही.

थोरामोठ्यांशी मात्र आमचं नातं जवळचं, निदान आम्ही तसं सांगतो. बारामतीला क्रिकेट सासुरवाडीकडून आलं. शरद पवारांचे सासरे सदू शिंदे लेगस्पिन-गुगली टाकायचे. १९५१ साली दिल्लीच्या कसोटीत त्यांनी ९१ धावांत इंग्लंडचे ६ गडी काढले होते. जावई पुढं २००५ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाचे आणि २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर महाराष्ट्र–उत्तराखंड रणजी सामनाही झाला. डिसेंबर २०२४ मध्ये तर आमचे इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे राज्याचे क्रीडामंत्री झाले. आता ग्राउंडचा प्रश्न मिटला म्हणून टीमने फटाके आणले. जुलै २०२५ संपता संपता खातेबदल झाला आणि त्यांच्याकडे कृषी खातं आलं. ग्राउंड व्हायच्या आत खातंच उसाकडे गेलं.

टीमच्या इतिहासातलं मध्ययुग म्हणजे ‘भव्य’ युग. आमच्याकडे नुसती क्रिकेट स्पर्धा होत नाही, ‘भव्य टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा’ होते. पत्रिकेत प्रथम, द्वितीय, तृतीय क्रमांकाच्या बक्षिसांची रक्कम, पुढं सौजन्य, खाली नियम. नियम बरेच असतात, पण भांडणाच्या वेळी सगळ्यांना पाठ असतो तो शेवटचा: पंचांचा निर्णय अंतिम राहील. हा नियम पंचाला दाखवण्यासाठी आहे की पंचाने दाखवण्यासाठी, हे अजून ठरलेलं नाही.

उद्‌घाटन सकाळी ९ ला असतं म्हणजे पाहुणे १२ ला येतात. तोवर दोन्ही टीमा लिंबाखाली. पाहुणे आले की नारळ फुटतो, सत्कार होतात, आणि पाहुण्यांना एक बॉल खेळावा लागतो. बोलर तो अशा मायेने टाकतो की बॉल वाटेत दोनदा थांबतो. तरीही पाहुण्यांचा चुकला तर तो नो बॉल. मग दुसरा. फोटोत बॅट आणि बॉल एकत्र येईपर्यंत हे चालतं. एका ओव्हरमध्ये सर्वांत जास्त नो बॉल पडण्याचा विक्रम या भागात कुणाच्या तरी उद्‌घाटनाचाच असणार.

स्पर्धेचा खरा राजा कॉमेंटेटर. त्याला बॉल दिसतो का नाही कोण जाणे, पण बघायला आलेला प्रत्येक माणूस दिसतो. “फलंदाज सज्ज… आणि आत्ताच आपल्यात आगमन झालेलं आहे आपल्या गावचे प्रगतशील बागायतदार आबांचं, आबांचं मंडळाच्या वतीने स्वागत… आणि या पुढच्या सिक्सरला आबांच्याकडून १०१ रुपये!” आबा तेवढ्यासाठीच आलेले असतात असं नाही, ते शेळी चारायला आलेले असतात, पण नाव पुकारल्यावर काय करणार? पुढच्या बॉलला खरंच टोला बसतो. “उंच… उंच… बॉल बांधाकडे… आबांना विनंती आहे, आबा, शेळी सोडा, बॉल धरा!” आबा शेळी सोडतात, बॉलही सुटतो, शेळी मिडऑनला येते, आणि अंपायर डेड बॉल देतो. मग वाद. सिक्सर धरायचा की नाही? बॅटिंगवाले म्हणतात धरा. फिल्डिंगवाले म्हणतात शेळी मैदानात होती. आबांचं म्हणणं वेगळंच:

“म्या सिक्सरला शंभर बोल्लो व्हतो. ह्यो डेड बॉल हाय. अंपायरचा निर्णय अंतिम.”

आमच्या भागात पंचांचा निर्णय मनापासून मानणारा प्रेक्षक पाहिला तो हा एकच.

अंपायर दोन्हींपैकी एका टीमचा, ही सरावाच्या मॅचची रीत. त्यामुळे वाइडची व्याख्या दर डावाला बदलते.

“तात्या, किती लांबनं गेला! वाइड द्या की!”

“लांबनं न्हाय गेला. तुजे हात आखूड हायती.”

दुसऱ्या डावात बॅटिंग तात्याच्या टीमची असते. हात तेवढेच असतात, पण वाइड मिळतो.

आणि मॅच हातची जायला लागली की सर्वांत जुना, सर्वांत खात्रीचा उपाय: बॉल घेऊन घरी जाणे. शहरातली माणसं याला हसतात. त्यांनी पुण्याचा इतिहास वाचावा. डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर काठियावाडविरुद्ध रणजी सामन्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर पोचले. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम मोडायला निंबाळकरांना आणखी फक्त १० धावा हव्या होत्या. जेवणाची सुट्टी झाली. काठियावाडचे कप्तान राजकोटचे ठाकूरसाहेब. आपल्या संघाविरुद्ध विक्रम झाल्याची नोंद त्यांना नको होती. त्यांनी सामना सोडला आणि संघ घेऊन निघून गेले. संस्थानिकाने केलं ते अब्रू राखणं आणि आमच्या वस्तीवरच्या कॅप्टनने केलं की रडीचा डाव, हा न्याय आम्हाला मान्य नाही. फरक असलाच तर एवढाच की ठाकूरसाहेब जेवून गेले की उपाशी हे इतिहासात ठळक नाही. आमचा कॅप्टन बिस्किटाचे दोन पुडे उचलूनच जातो.

रात्रीच्या स्पर्धा आल्या तेव्हा भांडणांना उजेड मिळाला. हॅलोजन, जनरेटर, आणि त्या उजेडात तालुक्यातले सगळे किडे. मॅच किती लांबेल याला धरबंद नाही. याबाबतीत मात्र अमेरिकेच्या मायनर लीगला मी हात जोडतो. १८ एप्रिल १९८१ च्या संध्याकाळी पॉटकेट आणि रोचेस्टर या दोन संघांचा सामना सुरू झाला. बेसबॉल साधारण ९ डावांचा. बरोबरी सुटेना म्हणून हे खेळत राहिले. ठरावीक वेळेनंतर खेळ थांबवायचा असा लीगचा नियम होता, पण पंचांकडे जी नियमावली होती तिच्यात ते कलमच छापलेलं नव्हतं. थंडी एवढी की खेळाडूंनी मोडक्या बॅटी पेटवून शेकोटी केली. पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी, ३२ डावांनंतर, सामना थांबवला तेव्हा स्टेडियममध्ये १९ प्रेक्षक उरले होते. उरलेला खेळ २३ जूनला झाला आणि ३३ व्या डावात १८ मिनिटांत आटोपला. जिंकलं पॉटकेट.

वाचताना मला आपल्याच माणसांत आल्यासारखं वाटलं. नियमावलीत नेमकं हवं तेच कलम नसणं, शेकोटी, पहाट, आणि शेवटपर्यंत बसून राहिलेली १९ माणसं! फक्त आमच्याकडे असा सामना दोन महिने लांबला नसता. जनरेटरचं डिझेल संपलं असतं आणि दोन्ही टीमांनी आपण जिंकलो म्हणून गुलाल उधळला असता.

त्यानंतर लिलाव युग आलं. आयपीएल सगळ्यांनी पाहिली, जून २०२३ पासून गहुंजेला महाराष्ट्र प्रीमियर लीगही सुरू झाली. तिच्या पहिल्याच वर्षी अंतिम सामना पावसाने धुतला आणि गुणतक्त्यात वर असलेल्या रत्नागिरी जेट्सला करंडक मिळाला. कोकणाने पावसाच्या जिवावर काही जिंकलं याचं नवल नाही. आमचा मुलूख पर्जन्यछायेतला. इथं पावसाने फायनल वाहून गेली तर हरलेली टीमसुद्धा पेढे वाटेल.

तर गावातही लिलाव सुरू झाला. गावच्या पोरांची मालकांत वाटणी, प्रत्येकाला काल्पनिक पॉइंट, मारुतीच्या देवळासमोर खुर्च्या टाकून बोली. सगळ्यांत महाग गेला तो डावखुरा म्हणून नव्हे, त्याच्याकडे पिकअप होती म्हणून. अख्खी टीम एका खेपेत जाते. सगळ्यांत शेवटी कोण जाणार, हे विचारायची गरज नव्हती. पण मालकांत एक हुशार निघाला. त्याने पहिली बोली लावली ती एकेकाळच्या कच्च्या लिंबावर. लोक हसले. हा आता तिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, धावताना डोळे मिटून घेणारा गडी. मालक म्हणाला, “हसताय काय? बॉल ह्योच शोधतो, वर्गणी ह्योच काढतो, स्कोअर ह्योच लिवतो, स्टंप ह्याच्याच घरात असत्यात. बाकीचे धा आपोआप येतील.”

टीमचा आजवरचा सगळा इतिहास त्याने एका बोलीत सांगितला. कॅप्टन झाले, फुटले, पोलीस झाले, चाकणला गेले. टीमचं नाव प्रायोजकाप्रमाणे बदललं: कधी मित्रमंडळ, कधी प्रतिष्ठान, कधी युवा मंच, एकदा तर खताचं दुकान. निवडणुकीच्या वर्षी दोन नावांचे दोन वेगवेगळे टी-शर्ट आले आणि पोरांनी सकाळी एक, दुपारी दुसरा घातला. ज्याला कुणी कधी नीट खेळायला घेतलं नाही त्याच्यापाशी मात्र स्टंप, वही आणि उसातून परत आलेले बॉल राहिले. चांगले खेळाडू टीमला लागतात ते जिंकायला. टीम टिकवायला ज्याला दुसरीकडे कुणी घेणार नाही असा एक माणूस पुरतो.

या हंगामाची बैठक नुकतीच झाली. प्रायोजक ठरला, नाव ठरलं, स्थापनेचं साल आणखी मागं न्यायचं ठरलं. टी-शर्टच्या मापात एल कमी आणि डबल एक्सएल जास्त लिहून घेतले. फ्लेक्सवर कुणाचा फोटो कुठं हेही, आश्चर्य म्हणजे, भांडण न होता ठरलं. मग कुणीतरी विचारलं, “आन बॉल?” सगळे कच्च्या लिंबाकडे बघायला लागले. त्याने वही उघडली आणि मागच्या वर्षी कुणी कुणी वर्गणी दिली नाही ती नावं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या नावाला बैठक संपली.